पिकअप

अकरा वर्षं झाली, ही गाडी चालवतो.
मागच्या फाळक्यावर सुकेशनीचं नाव, तिच्याच अक्षरात,
'सु' चांगला ऐसपैस,
'नी' कडेला दाबून बसवलेली.
वसमतच्या मोंढ्यात हळद भरायची,
परभणीत नाहीतर नांदेडात उतरवायची.
रात्री नाक शिंकरलं तरी रुमाल पिवळा.
एवढ्या वर्षांत एकदाही वाटलं नाही
की पिकअप हे क्रियापद असेल.

सुकेशनीनं सांगितलं,
हैदराबादेहून, दवाखान्याच्या काउंटरवरून,
जेवणाच्या सुट्टीत.
तिथं त्यांना रोज अर्धा तास इंग्रजी शिकवतात.
म्हणाली, पप्पा, 'पिक'ला 'अप' लागलं
की त्याचं काहीपण होतंय.
फोन घेतला तर पिकअप.
लेकरू शाळेतून आणलं तर पिकअप.
वारा वाढला, धंदा सुधारला,
आजाऱ्याला हुशारी आली,
कुणी नुसतं ऐकून ऐकून तेलुगू शिकलं,
मी शिकायले तसं, तर तेही.

मी म्हणालो, एका शब्दावर एवढं ओझं?
आरटीओ पकडत नाही का ह्यांना?

तर म्हणते, आपलं 'उचल' काय कमी आहे?

खरंच की.
त्या दिवशी स्टेअरिंगवर बोटं मोजत आलो.
विडा उचलतात. पाऊल उचलतात.
उचलली जीभ टाळ्याला लावतात, त्याला डिझेल लागत नाही.
रात्री-अपरात्री पोलीस उचलतात.
मुकादमाकडून उचल घेतात
आणि दसरा सरला की निम्मं गाव कोयते बांधून निघतं.
जुनं दुखणं उचल खातं.
आपलं म्हणणं कुणी उचलून धरतं,
मतदान झालं की कुठं ठेवलं ते त्यालाच सापडत नाही.
झिरो फाटा यायच्या आत बोटं संपली.

वाजिद मिस्त्रीला विचारलं.
तो अर्धा बॉनेटात.
तिथूनच म्हणाला, पिकअप म्हणजे
तुमच्या पिकअपला जो राहिला नाही तो.
चढ आला की बसते. क्लचप्लेट बघा.
म्हणालो, पुढच्या महिन्यात.

हा अर्थ सुकेशनीच्या वहीत नव्हता.
तिनं सरांना विचारला.
सर म्हणाले, इंग्रजीत असं म्हणत नाहीत.
न म्हणू देत.
इकडं म्हणतात.

मग उन्हाळ्यात तिचा मेसेज:
'शुक्रवारी पहाटे साडेचार. पिकअपला या.'

आता ह्याचं काय समजायचं?
घ्यायला या?
का पिकअप घेऊन या?
तिची आई म्हणाली, तुम्ही जाणार का अर्थ लावत बसणार?
फोन लावला. उचलला नाही.
चौदा पोती आदल्या रात्रीपासून गाडीतच होती.
तशीच घेऊन गेलो.

स्टेशनाबाहेर रिक्षावाले पाय वर करून झोपलेले.
ती आली. पाठीवर एक बॅग, हातात एक,
केस मानेपर्यंत कापलेले.
हे फोनवर कुणी बोललं नव्हतं.
बॅग दे, म्हणालो.
राहू द्या, मी उचलते.
उचलली, आणि फाळक्यावरून नीट पोत्यांच्या मधोमध टाकली.

तीन वर्षांची होती तेव्हा
ह्याच चाकापाशी नाही, आधीच्या गाडीच्या चाकापाशी
दोन्ही हात वर करून उभी राहायची.
नुसतं 'उच' म्हणायची.
'ल' जिभेवर यायचा नाही.
कुणाला घाई असायची, मला असायची बहुतेक,
तरी ते हात खाली यायचे नाहीत.

केबिनमध्ये बसली. काच खाली केली.
हळदीचा वास येतोय, म्हणाली,
मला तर कधीच येत नाही.
पुलाच्या चढाला गाडी बसली.
पहिला टाकला. घरघर. मागून एक ट्रॅव्हल्स हॉर्न मारत गेली.
मी गप्प. तीही गप्प.
मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली,
पप्पा, क्लचप्लेट टाका की आता.
पिकअप नाही हिला.